गिरगांवचे बेडेकर आणि विकत मिळणारा मसाला

आमच्या संशोधकांचें लक्ष आजवर सनदा, महजर व वतनी कागद यांवर खिळलें आहे, आणि तें योग्यच होय. परंतु वाण्याच्या दुकानांतील रोजकीर्द व खतावणी हींही इतिहासाचीं साधनें आहेत हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं, आणि तीं दोन पिढ्यांत रद्दींत जातात. मुंबईच्या व्ही. पी. बेडेकर अँड सन्स या पेढीचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें कारण असें कीं, वर्षानुवर्षें घरांत होणारें एक काम बाजारांत कसें गेलें याचें हें मराठी मुलुखांतील ठळक उदाहरण आहे.

विश्वनाथ परशराम बेडेकर यांनीं इ. स. १९१० सालीं गिरगांवांत किराणा मालाचें दुकान घातलें. १९१७ च्या सुमारास त्या दुकानांत तयार मसाले विक्रीस आले. त्यानंतर त्यांचे पुत्र वासुदेव विश्वनाथ यांच्या काळांत लोणचीं, पापड यांची भर पडून धंदा वाढला. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. धने, जिरें, दगडफूल, नागकेशर, लवंग, हिंग हे जिन्नस किराणा दुकानदार आधींपासून विकीतच होता. तेच जिन्नस गिऱ्हाईक घरीं नेऊन निवडी, भाजी, कुटी व चाळी. नवीन माल असा त्यांत कांहींच नव्हता. दुकानदारानें जोडले ते केवळ श्रम.

हे श्रम किती होते, याची कल्पना आजच्या वाचकांस येणें कठीण आहे. गोड्या मसाल्याचा प्रत्येक जिन्नस निराळ्या आंचेवर भाजावा लागतो. तीळ-खोबऱ्यास लागणारी आंच धन्यास पुरत नाहीं, आणि लवंग जरा अधिक तापली कीं सबंध घाण्यास कडवटपणा येतो. मग उखळांत कुटणें, चाळणें, चाळ पुन्हा कुटणें. यासाठीं वर्षांतून एकदां ऊन, अंगण आणि चार बायकांचे हात लागत. गिरगांवच्या चाळींत अंगण नव्हतें. शिवाय १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सव्वापांचशेंच्या आसपासच होत्या. म्हणजे कोंकणांतून चाकरीस आलेल्या पुष्कळांचीं घरें गांवींच राहिलेलीं. तयार मसाल्यास गिऱ्हाईक मिळालें तें या दोन कारणांनीं, असें आम्हांस वाटतें; चवीचा प्रश्न नंतरचा. (ठाण्यांतील खोपट घ्या. खोपट म्हणजे गवती झोंपडी. आज त्या नांवाच्या वस्तींत इमारती उभ्या आहेत, आणि वाळवण घालण्यास गच्चीखेरीज जागा नाहीं. मुंबईवर शंभर वर्षांपूर्वीं आलेली अडचण ठाण्यावर मागाहून आली, एवढेंच.)

लोणच्याची गोष्ट मसाल्याहून अवघड. मसाला बारा महिने कुटतां येतो. कैरी मात्र चैत्र-वैशाखांतच मिळते. वर्षभर विकावयाचें लोणचें दोन महिन्यांत खरेदी करणें भाग असल्यामुळें भांडवल त्यांत गुंतून पडतें. यावर उपाय मिठाचा. फोडी खारवून ठेवल्या म्हणजे मीठ त्यांतील पाणी ओढून घेतें व त्या कित्येक महिने टिकतात. मग मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग व तेल घालून लागेल तसें लोणचें सिद्ध करितां येतें. वरचा तेलाचा थर हवेस आंत जाऊं देत नाहीं. घरच्या बरणींत ओला चमचा पडला तर एक बरणी बुरसते आणि सासू रागावते. व्यापाऱ्याची एक बरणी बिघडली तर नांव जातें.

आणि नांव हेंच तर येथें विकलें जात होतें. परक्या हातचें लोणचें पानांत वाढून घेण्यास त्या काळचीं पुष्कळ घरें सहजासहजीं राजी नव्हतीं. तें कोणी केलें, सोंवळ्यानें केलें काय, हे प्रश्न येत. डब्यावरील आडनांव हें त्या प्रश्नांचें उत्तर होतें. कायद्याचा आधार त्या मानानें अपुरा होता. खोट्या व्यापारी चिन्हांविरुद्ध १८८९ चा कायदा होता खरा; परंतु चिन्ह नोंदवून ठेवण्याची सोय हिंदुस्थानांत १९४० च्या कायद्यानें झाली.

१९४३ सालीं पेढीची खासगी मर्यादित कंपनी करण्यांत आली. १९१३ च्या कायद्याप्रमाणें अशा कंपनीचे भागीदार पन्नासांपर्यंतच असत आणि भाग बाहेर विकण्यावर निर्बंध असे. म्हणजे कुटुंबाची मालकी न मोडतां धंद्यास कायदेशीर रूप देण्याची ही युक्ति होय. कंपनीच्या नांवांत ‘सन्स’ आहेत. मसाल्याचीं प्रमाणें ज्या स्त्रियांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या होतीं त्यांस असल्या पेढ्यांच्या नांवांत जागा नाहीं, आणि ही गोष्ट केवळ एका घराण्याची नव्हे. विलायतेंत लक्ष्मीशंकर पाठक यांनीं १९५७ सालीं सुरू केलेल्या लोणचीं-मसाल्यांच्या धंद्यांत कन्यांच्या भागांवरून झालेला तंटा २००४ सालीं लंडनच्या न्यायालयांत गेला व तेथें तडजोडीनें मिटला. तीनच वर्षांनीं तो धंदा दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला. बेडेकरांचें नांव मात्र शंभर वर्षांनंतरही कुटुंबाकडेच राहिलें.

१९५४ चा भेसळप्रतिबंधक कायदा आणि १९५५ चा फळांच्या पदार्थांविषयींचा हुकूम, यांमुळें पूर्वीं आडनांवावर सोंपविलेली हमी सरकारी परवान्यावरही येऊन पडली. पुढें बेडेकरांनीं कारखाना कर्जतेस नेला. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत, १८५४ सालीं कल्याणपर्यंत आणि १८५६ सालीं खोपोलीपर्यंत गेलेल्या लोहमार्गावरचेंच हें ठिकाण. त्या दिवसांच्या रोजकीर्दी कोणाच्या संग्रहीं असतील तर त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या. कैरीचा त्या त्या सालचा भाव त्यांखेरीज अन्यत्र मिळणें कठीण.