इफ्तारच्या ताटात काकूंचे गव्हले

गेल्या आठवड्यात लेकीने अंधेरीच्या एका मॉलमधून पुडा आणला. त्यावर लिहिले होते ‘पर्ल कुसकुस’. आत साबुदाण्याएवढे गोल, फिकट पिवळे दाणे. ‘अम्मी, इफ्तारला रोज भजी नकोत. आज हे करू या,’ ती म्हणाली. मी दाणे तळहातावर घेतले आणि माझ्या तोंडून निघाले, ‘अगं, हे तर काकूंच्या गव्हल्यांचे भाऊबंद!’

नाव कुसकुस असले तरी हा खरा कुसकुस नव्हे. खरा कुसकुस उत्तर आफ्रिकेतला. रव्यावर पाणी शिंपडून हाताने वळायचा आणि वाफवायचा. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या या परंपरेची युनेस्कोने २०२० मध्ये वारसा म्हणून नोंद केली. पुड्यातले मोती मात्र १९५० च्या दशकात इस्रायलमध्ये तांदळाची टंचाई असताना कारखान्यात तयार झाले. गव्हाच्या पिठाचे दाणे पाडून ते भट्टीत भाजले जातात. लेबनॉनमधला मोगराबिया आणि पॅलेस्टाइनमधला मफ्तूल मात्र घरोघरी हाताने वळत आले.

आणि आपल्याकडे? रवा-मैदा दुधात घट्ट भिजवायचा, तुपाच्या हाताने मळायचा. चिमूटभर पिठाची दोऱ्यासारखी वळी करायची आणि अंगठा व तर्जनीने तिचे गव्हाच्या दाण्यासारखे तुकडे तोडायचे. ते झाले गव्हले. नखाने दाबले की नखुले. शिवाय मालत्या, बोटवे, शेवया. हे सारे वळवट लग्नघरात मुहूर्त करून सुरू व्हायचे आणि रुखवतात मांडले जायचे.

माझे माहेर घाटकोपरच्या पंतनगरचे. समोरच्या काकू दर उन्हाळ्यात गव्हले वळायच्या. अम्मी ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा पाठवायची. डबा रिकामा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत. त्यामुळे तो परत यायचा गव्हल्यांनी भरून. अम्मी ते तुपावर परतून, दूध आणि खारीक घालून सहरीला खीर करायची. शेवया आमच्या, गव्हले त्यांचे, असा फरक आम्हा मुलांना कळलाच नाही. २०२५ मध्ये तर ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ला ईद. दोन दिवस डबे नुसते समोरासमोर फिरत होते.

आता इमारत पुनर्विकासाला जाते आहे. काकू भाड्याने मुलुंडला जाणार, अम्मी माझ्याकडे. काकूंचा अंगठा दुखतो. ‘यंदा गव्हले काही व्हायचे नाहीत गं,’ त्या फोनवर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही कुसकुस केला. एक वाटी दाणे तेलावर बदामी होईपर्यंत परतले, सव्वा वाटी उकळते पाणी आणि मीठ घालून दहा मिनिटे झाकून शिजवले. वर उकडलेले छोले, कांदा, टोमॅटो, पुदिना, लिंबू. खजुराने रोजा सोडल्यावर सगळ्यांनी आवडीने खाल्ले. अम्मी मात्र म्हणाली, ‘छान आहे, पण याची खीर होईल का?’

रविवारी लेकीला घेऊन काकूंकडे गेले. काकू खुर्चीत बसून सांगत होत्या, आम्ही वळत होतो. तीन तासांत जेमतेम वाटीभर झाले. काही लांब, काही जाड. ‘असू देत. सावलीत वाळव आणि शिजताना आधी पाण्यात मऊ होऊ दे, मग दूध घाल,’ काकू म्हणाल्या. लेकीने विचारले, ‘पुढच्या रविवारी येऊ?’ काकूंनी सामानाच्या खोक्यातून परात पुन्हा बाहेर काढून ठेवायला सांगितली.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा मुलुंडला जाईल. यंदा त्यासोबत एक छोटी वाटीही जाईल, आमच्या वेड्यावाकड्या गव्हल्यांच्या खिरीची. तुमच्या शेजारी कुणी गव्हले वळणारी आजी, काकू, खाला असेल, तर तिच्याकडे एक दुपार जाऊन बसा.