बीटी मक्याची पारख: चार टप्पे

अमेरिकेच्या शेतात बीटी मका 1996 साली आला. मातीतल्या बीटी या जिवाणूचे जनुक त्यात घातलेले होते. त्यातून तयार होणारे क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींना चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात या प्रथिनाला चिकटायला तशी जागा नाही. तरीही दाणा ताटात येणार म्हटल्यावर पारख आलीच. नव्या मक्याचे घटक त्याच्याच साध्या वाणाशी ताडून बघायचे, पोटातल्यासारख्या आम्लात नवे प्रथिन किती लवकर तुटते ते मोजायचे, ॲलर्जी आणणाऱ्या ज्ञात प्रथिनांशी त्याचे साम्य शोधायचे, आणि गरज पडली तर उंदरांना 90 दिवस तो मका खाऊ घालायचा, अशी ही रीत.

पहिला धक्का स्टारलिंक या बीटी मक्याने दिला. त्यातले क्राय9सी प्रथिन आम्लात लवकर तुटत नव्हते, म्हणून 1998 मध्ये हा मका फक्त पशुखाद्य आणि उद्योगांसाठी मंजूर झाला. कागदावरची ही वाटणी गोदामांत आणि गिरण्यांत टिकली नाही. सप्टेंबर 2000 मध्ये बाजारातल्या टाको शेल्समध्ये स्टारलिंक सापडला आणि शेकडो उत्पादने परत मागवावी लागली. त्रास झाल्याचे सांगणाऱ्या 28 जणांच्या प्रकरणांचा तपास अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केला. त्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, पण शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही, असे तज्ज्ञ समितीने 2001 मध्ये नोंदवले. प्रयोगशाळेने धोक्याची खूण वेळेवर ओळखली होती, चूक पुढे झाली. जो मका माणसाने खायचा नाही, तो शेतात तरी का लावू द्यायचा, हा धडा तिथे मिळाला.

पुढचा वाद युरोपात, मुळे कुरतडणाऱ्या अळीविरुद्धच्या मॉन863 या मक्यावरून झाला. उंदरांवरील चाचणीचा अहवाल तो बनवणाऱ्या कंपनीने गोपनीय ठेवला होता. 2005 मध्ये जर्मन न्यायालयाच्या आदेशाने तो खुला झाला. 2007 मध्ये फ्रेंच संशोधक सेरालिनी यांच्या गटाने त्याच आकड्यांतून यकृत-मूत्रपिंडांवर परिणामाची चिन्हे काढली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ती पटली नाहीत. आकडे दडवले की खरा निष्कर्षही संशयात सापडतो, हे तेव्हा दिसले.

2012 मध्ये सेरालिनींनी बीटी नसलेला, तणनाशक-सहनशील एनके603 मका खाल्लेल्या उंदरांना गाठी झाल्याचे मांडले. प्रत्येक गटात दहाच उंदीर, तेही वय वाढले की आपोआप गाठी होणाऱ्या जातीचे. नियतकालिकाने 2013 मध्ये तो लेख मागे घेतला. त्याच वर्षी युरोपने 90 दिवसांची चाचणी सक्तीची केली. ही सक्ती कामाची आहे का, हे पाहण्यासाठी ‘ग्रेस’ या युरोपीय प्रकल्पाने बीटी मका मॉन810 उंदरांना 90 दिवस आणि एक वर्ष खाऊ घातला. प्रयोगाचा आराखडा आधी चर्चेला ठेवला, आकडेही खुले केले. अपाय आढळला नाही. नेमकी शंका हाती नसताना उंदरांना खाऊ घालून फारसे नवे कळत नाही, असेही संशोधकांनी स्पष्ट सांगितले.

या काळात फायद्याची एक बाजूही पुढे आली. अळीने पोखरलेल्या कणसात बुरशी शिरते आणि फ्युमोनिसिन हे विष तयार करते. बीटी मक्यात ते अनेकदा कमी आढळले. म्हणजे तुलना करताना साधा मका निर्दोषच आहे, असे धरून चालत नाही.

आपल्याकडे बीटी मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. पण 2018 पासून महाराष्ट्रातल्या मक्यावर लष्करी अळी आहे, त्यामुळे बीटी मक्याचा प्रश्न दारात उभा आहे. याआधी जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याचे आकडे माहिती अधिकार आणि न्यायालयाच्या रेट्यानेच बाहेर आले आणि 2010 मध्ये त्या वांग्याला स्थगिती मिळाली. मक्याची पाळी येईल तेव्हा चाचणीचा आराखडा मंजुरीआधी मांडावा, प्रत्येक आकडा खुला करावा, आणि स्वतंत्र प्रयोगशाळेला तो पडताळू द्यावा. खाणाऱ्याचा तो हक्क आहे.