न्हावा-शेवाला शर्ट कसा ओळखतात

नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानात कॉलरचा काय आणि बिनकॉलरचा काय, दोन्ही टी-शर्टच. गिऱ्हाईक तसंच मागतं, दुकानदारही तसंच काढून देतो. हेच दोन नग परदेशातून कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरात उतरले, की कस्टमच्या कागदावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. बिनकॉलरचा, बिनबटणाचा नग 6109 या हेडिंगखाली जातो. कॉलर आणि अर्धी बटणपट्टी असलेला पुरुषांचा नग सहसा 6105 खाली, म्हणजे होजिअरी शर्टांत. बाहेरून माल मागवायचा विचार करणाऱ्यानं हे आकडे डोळे झाकून सीएचएवर, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटावर, सोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. बिल ऑफ एंट्रीतल्या माहितीची जबाबदारी शेवटी आयातदारावरच येते.

या आकड्यांना एचएस कोड म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेनं तयार केलेली ही पद्धत 1988 पासून अमलात आहे आणि आज 200हून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे दोन भारताचे स्वतःचे. आपल्याकडे ही सारी यादी 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कापडाचा विभाग 50 ते 63 या चॅप्टरांचा, आणि तयार कपडे मुख्यतः 61 व 62 मध्ये.

या दोन चॅप्टरांतली सीमारेषा ना फॅशनची, ना किमतीची. कापड कसं तयार झालं, एवढंच तिथे पाहतात. उभ्या ताण्यातून आडवा बाणा घालून मागावर विणलेलं कापड असेल, तर कपडा 62 मध्ये. एकाच धाग्याचे फास एकमेकांत गुंतवत मशीनवर तयार केलेली होजिअरी असेल, तर 61 मध्ये. नाशिक जिल्ह्याला पहिला प्रकार कुणी शिकवायला नको: येवल्यात हातमाग, मालेगावात यंत्रमाग. दुसऱ्याचा नमुना प्रत्येकाच्या अंगातल्या बनियनमध्ये आहे. कापड हातात घेऊन ताणलं, भिंगातून पाहिलं, की फास दिसतात किंवा ताणाबाणा दिसतो. कोड ठरवायची सुरुवात इथून करायची, लेबल वाचून नव्हे.

येवल्याची पैठणी मात्र या दोन्ही चॅप्टरांत नाही. काठ-पदरासकट ती मागावरूनच पुरी होऊन उतरते, कापून शिवावी लागत नाही. आपल्या दरपत्रकात रेशमी साडी 50व्या चॅप्टरमध्ये, रेशमी कापडांच्या 5007 या हेडिंगखाली आहे. तिच्यावरचा बायकांचा शिवलेला ब्लाउज 6206 मध्ये. साडीला कपडा न म्हणता कापड म्हणणं ऐकायला विचित्र वाटतं, पण मागाच्या बाजूनं पाहिलं तर ते अगदी बरोबर आहे.

चॅप्टर ठरला की शिवणीकडे वळायचं, आणि खरी बारकाई इथे लागते. होजिअरी शर्टाला कमरेच्या खाली खिसा असेल, तर तो 6105 मधून बाहेर पडतो. खालच्या कडेला आवळणारी रिब किंवा नाडी असली तरी बाहेर. बाह्या नसल्या तरी बाहेर. वीण सैल असली तरीही बाहेर: किमान 10 सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर मोजून दर सेंटिमीटरला दोन्ही दिशांनी सरासरी 10 टाके भरलेच पाहिजेत. यातून गळालेले बरेच नग 6110 मध्ये, स्वेटर-पुलओव्हरच्या रांगेत जाऊन बसतात.

कपडा पुरुषाचा की बाईचा, हेही नियमात बांधलेलं आहे. समोरून बंद होणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर बायकांचा. कुठल्याही जुन्या शिंप्याला ही काज-बटणांची रीत ठाऊक असते. बेतण्यावरूनच कपडा कुणाचा ते स्पष्ट दिसत असेल, तर बटणांचा नियम लागू होत नाही. आणि काहीच ठरत नसेल, तर कपडा बायकांच्या हेडिंगमध्ये जातो. 86 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांसाठी मुलगा-मुलगी असा भेदच नाही. होजिअरी असेल तर 6111, मागावरचं कापड असेल तर 6209.

पुढचा प्रश्न धाग्याचा. मिश्र कापडात वजनानं जो धागा जास्त, त्याचंच ते कापड मानतात. 60 टक्के सूत आणि 40 टक्के पॉलिस्टर असेल तर सुती. अगदी निम्मं-निम्मं असेल, तर यादीत ज्या धाग्याचं हेडिंग शेवटी येतं तो जिंकतो. सूत 52व्या चॅप्टरमध्ये आणि आखूड तंतूंचं पॉलिस्टर 55व्यात, म्हणून असा शर्ट पॉलिस्टरचा. लेबलवरचं प्रमाण चुकलं तर कोडही चुकतो. म्हणून पुरवठादाराकडून धाग्याच्या प्रमाणाचा चाचणी अहवाल आधीच मागवलेला बरा. शंका आली तर कस्टम नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतं. मुंबईत प्रभादेवीला वस्त्र समितीची प्रयोगशाळा आहे.

एका खोक्यात पुरुषांचा शर्ट आणि पँट घालून संच केला, तरी कस्टमसाठी तो संच नाही. मागावरच्या कापडाचा शर्ट 6205 मध्ये, पँट 6203 मध्ये, आणि किमतीही वेगळ्या दाखवायच्या. सूट, ट्रॅकसूट, पायजमा-संच असे नियमात नावानं सांगितलेले प्रकार तेवढे याला अपवाद.

आता पैशाचा हिशोब. कपड्यांवरचं मूळ सीमाशुल्क अनेक ठिकाणी दोन पर्यायांत लिहिलेलं असतं: किमतीच्या इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. अगदी स्वस्त दाखवलेल्या मालालाही किमान शुल्क लागावं, म्हणून ही दुसरी अट. बंदरात पोचेपर्यंतची, भाडं-विमा धरून एका शर्टाची किंमत 1,000 रुपये आहे आणि दर 20 टक्के लागू आहे असं समजू. मूळ शुल्क 200 रुपये. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 20. झाले 1,220. या रकमेवर आयजीएसटी. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के दर आहे, त्याचे 61. एकूण कर 281 रुपये. नग 2,500 च्या वर गेला की आयजीएसटी 18 टक्के होतो.

हाच शर्ट बांगलादेशात शिवलेला असेल, तर चित्र बदलतं. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारानुसार भारतानं 2011 मध्ये तिथल्या तयार कपड्यांवरचं मूळ शुल्क काढून टाकलं. मग वरच्या शर्टावर फक्त 50 रुपये आयजीएसटी उरतो. पण त्यासाठी मूळदेशाचं प्रमाणपत्र हवं, आणि 2020 च्या नियमांनुसार माल तिथे कसा तयार झाला याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवावी लागते. मे 2025 मध्ये केंद्रानं बांगलादेशी तयार कपड्यांची जमिनीवरची वाट बंद केली आणि न्हावा-शेवा व कोलकाता ही दोनच बंदरं मोकळी ठेवली.

कागद तपासणारा अधिकारी न्हावा-शेवालाच बसलेला असेल असं नाही. 2020 पासून फेसलेस पद्धतीत तो दुसऱ्या बंदरातला असू शकतो. त्याच्यापुढे कपडा नसतो, तुमचं वर्णन असतं. म्हणून ‘जेन्ट्स टी-शर्ट’ एवढंच लिहिणं पुरत नाही. होजिअरी की मागावरचं, धाग्याचं प्रमाण, कॉलर, बाही, खिसा, खालची कड हे सगळं इन्व्हॉइसवरच यावं. तरीही खात्री होत नसेल, तर माल मागवण्याआधी मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे 10,000 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. मोठी ऑर्डर असेल तर ही रक्कम फार नाही. चुकीचा कोड लावून कमी भरलेलं शुल्क एरवी दोन वर्षांपर्यंत मागता येतं, आणि माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. वर व्याज आणि दंड.

या तपशिलाची झळ मालेगावलाही लागते. बाहेरून येणारं स्वस्त होजिअरी कापड, म्हणजे 60वा चॅप्टर, कमी किमतीच्या कपड्यांच्या बाजारात मागावरच्या कापडाची जागा खातं. मार्च 2024 मध्ये केंद्रानं अशा कृत्रिम धाग्याच्या काही कापडांना किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली. 2025 च्या अर्थसंकल्पात दरपत्रकातल्या होजिअरी कापडाच्या नऊ ओळींवर 20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जास्त असेल ते शुल्क आलं. अशी उपाययोजना त्या-त्या कोडांपुरतीच असते. माल शेजारच्या कोडाखाली दाखवून सोडवून घेतला, तर तिचा मालेगावच्या मागवाल्याला काहीच उपयोग होत नाही.