स्लॅब टाकण्याआधी कठड्याचं ठरवा



उन्हाळा लागला की आपलं अर्धं घर गच्चीवर जातं. कुरड्या, पापड, सांडगे, मिरच्या, हळद सगळं वर वाळतं. रात्री उकाड्यानं घरात डोळा लागत नाही, म्हणून लेकराबाळांसकट अंथरुणंही वरच पडतात. संक्रांतीला पोट्टे पतंग घेऊन वर पळतात. माकडं आली की काठी घेऊन आपणच वर धावतो. पण फुलसावंगीत किंवा आजूबाजूच्या कोणत्याही गावात गल्लीत उभं राहून एकदा वर पाहा. काही गच्च्यांना चारी बाजूंनी काहीच नाही. काहींना रस्त्याच्या बाजूनं शोभेची जाळी आणि मागं सगळं मोकळं. काहींवर विटांचे दोन थर, तेही कोरडेच रचलेले.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काऊन घाई करता बाई, वर मजला चढवाचा हाये नं!" मजला चढायला पाच वर्षं जातात, कधी दहा. तोवर घरातलं रांगतं लेकरू चालायला लागतं, पळायला लागतं आणि त्याच मोकळ्या गच्चीवर खेळतं. कठडा राहून जातो तो कोणी बेफिकीर असतं म्हणून नाही. स्लॅब टाकला की पैसा संपतो, हे खरं कारण. म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे: कठडा हा स्लॅबनंतरचा खर्च नाही, तो स्लॅबच्याच हिशेबात धरायचा. आता तो किती उंच हवा, कशाचा हवा आणि पैसे कुठं वाचवायचे, हे क्रमानं पाहू.

उंची किती?

आपल्या देशात बांधकामासाठी राष्ट्रीय इमारत संहिता आहे. भारतीय मानक ब्यूरो ती प्रसिद्ध करतं. पहिली 1970 मध्ये आली, सुधारलेली 2016 मध्ये. गच्ची, बाल्कनी आणि व्हरांड्याच्या कडेचा कठडा निदान 1 मीटर उंच असावा, असं ही संहिता सांगते. 1 मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडं जास्त. मिस्त्रीला सांगताना सरळ "साडेतीन फूट" सांगा.

हे माप उगाच ठरलेलं नाही. उभ्या माणसाच्या शरीराचा तोल साधारण बेंबीच्या आसपास असतो. कठडा त्याच्या खाली असला की तो माणसाला अडवत नाही, उलट मांडीला लागून पलीकडे उलटवतो. अडीच फुटांचा कठडा दिसायला कठडा असतो, पण मोठ्या माणसाला तो वाचवत नाही.

दुसरी गोष्ट, उंची मोजायची ती तयार झालेल्या जमिनीपासून. इथंच खूप घरं फसतात. कच्च्या स्लॅबवरून तीन फूट कठडा बांधतात. पुढं गच्ची गळायला लागली की वर वीटतुकड्यांचा कोबा टाकतात, त्यावर फरशी बसवतात. चार-पाच इंच जमीन वर येते आणि कठडा तेवढा खाली जातो. हा लेख लिहायच्या आधी मी माझ्याच गच्चीवर टेप लावला. बांधताना तीन फूट सांगितला होता, आज भरला दोन फूट सात इंच. इतकी वर्षं मी त्यालाच टेकून मिरच्या पसरत होते.

पुढं कोबा होणार असेल तर ते पाच इंच आधीच वाढवून घ्या. कठड्यालगत खाट, पेटी, कापसाची गाठोडी किंवा पाण्याचा ड्रम ठेवू नका. लेकरू त्यावर चढलं की साडेतीन फुटांचा कठडा त्याच्यासाठी दीड फुटांचाच उरतो.

गज उभे की आडवे?

आडव्या पाइपांचं रेलिंग आता फॅशनमध्ये आहे. दिसतं छान, पण लहान मुलासाठी ती शिडीच आहे. म्हणून घरात लेकरं असतील तर गज उभेच घ्या. आडवा पाइप फक्त वर एक आणि खाली एक.

दोन गजांमध्ये फट किती? अमेरिकेत घरांच्या नियमात एक सोपी कसोटी आहे: चार इंचाचा गोळा रेलिंगमधून आरपार जाता कामा नये. लहान लेकराचं अंग सहा इंचाच्या फटीतून सहज निसटतं. कधी अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं, ते तर आणखी वाईट. ही कसोटी आपल्यालाही चालण्यासारखी आहे. घरात चार इंच रुंदीचा डबा किंवा गडवा असेल तर तो घेऊनच वेल्डरच्या दुकानात जा.

"गज जास्त लावले तर खर्च वाढते" असं वेल्डर म्हणेल. किती वाढतो ते आपण मोजू. दहा फूट लांब रेलिंग धरा. 12 मिलिमीटरचा चौकोनी गज घेतला तर त्याचं वजन एका मीटरला सुमारे 1.13 किलो भरतं, म्हणजे तीन फुटांचा एक गज साधारण एक किलोचा. सहा इंचांची फट ठेवली तर दहा फुटांत 18 गज लागतात. चार इंचांच्या फटीला 26 लागतात. फरक आठ गजांचा, म्हणजे जवळपास आठ किलो लोखंडाचा. तुमच्या वेल्डरचा किलोचा दर आठनं गुणा. लेकराच्या जिवाची किंमत दहा फुटांमागं तेवढी आहे. लग्नातल्या एका आहेरातही यापेक्षा जास्त जातात.

कशाचा बांधायचा?

विटांचा कठडा. आपल्याकडं हाच जास्त. वीट स्वस्त पडते, आडोसाही होतो. पण अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचाची भिंत लांबच लांब सरळ बांधली तर ती धक्क्यानं कोसळू शकते. दर सहा ते आठ फुटांवर नऊ इंचाचा खांब घ्या आणि वरून सळई टाकून काँक्रीटचा पट्टा द्या. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या निघालेल्या असतातच, त्या या खांबांत घेता येतात. उघड्या सळ्या तशाच ठेवल्या तर गंजतात आणि खेळत्या लेकराच्या डोळ्यालाही लागू शकतात. कठड्याला खाली पाणी जायची भोकं ठेवायला विसरू नका, नाही तं पावसाळ्यात गच्चीचं तळं होतं.

कोरड्या रचलेल्या विटा मात्र अजिबात नकोत. 21 मार्च 2024 ला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच. हिंगोली आपल्यापासून लांब नाही. त्या वेळी पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड उतरवून घ्या, असं आवाहन शेजारच्या जिल्ह्यांत प्रशासनानं केलं होतं. गच्चीच्या कडेला रचलेली सुटी वीट आणि पत्र्यावरचा दगड यांत फरक नाही. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर दोन्ही सारखेच पडतात.

लोखंडी रेलिंग. घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, पाइपाची जाडी. गेजचा आकडा जेवढा मोठा, तेवढा पत्रा पातळ. 16 गेज साधारण 1.6 मिलिमीटर, तर 18 गेज सुमारे 1.2 मिलिमीटर. "18 भारी आहे" असं कोणी सांगितलं तर फसू नका. दुसरी, पोकळ पाइपाची तोंडं बंद करून घ्या. उघड्या तोंडातून पाणी आत जातं आणि पाइप आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत, आत मात्र गंज. तिसरी, आधी रेड ऑक्साइड प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात. वेल्डिंगच्या जोडांवर आणि खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथं गंज आधी धरतो, म्हणून दर पावसाळ्याआधी ती जागा पाहायची.

स्टीलचं रेलिंग. बाजारात 202 आणि 304 अशा दोन जाती मिळतात. 202 मध्ये निकेल कमी असतं, म्हणून ते स्वस्त असतं आणि उघड्यावर त्यावर तांबूस डाग लवकर येतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण चुंबकानं या दोन्हींतला फरक कळत नाही. पैसे 304 चे देणार असाल तर बिलावर "304" लिहून घ्या.

सिमेंटची तयार जाळी. दिसायला चांगली, पण नुसत्या मसाल्यानं एकावर एक चिकटवली तर जोर सहन करत नाही. ती खांबांच्या मध्ये बसवा आणि वरून काँक्रीटचा पट्टा द्या.

बांबू-काठ्या. हा फक्त काही दिवसांचा उपाय. त्याला टेकायचं नाही, तो इथं कड आहे एवढंच सांगतो.

जोर किती सहन व्हावा?

भारतीय मानकात गच्चीच्या कठड्यासाठी एका मीटर लांबीला 75 किलो आडवा जोर धरलेला आहे. म्हणजे सव्वातीन फुटांच्या जागेत एक मोठं माणूस पूर्ण भार टाकून रेललं तरी कठडा हलू नये. रेलिंगचे खांब दर चार फुटांवर घ्या आणि ते स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये बसवा. अर्ध्या विटेच्या भिंतीत ठोकलेला बोल्ट काही दिवसांनी हातानं निघून येतो. सगळ्यात चांगलं म्हणजे स्लॅब टाकायच्या आधीच खांबांच्या जागी सळ्या सोडून घेणं. त्या दिवशी चार सळ्या जास्त लागतात. नंतर तेच काम करायला स्लॅब फोडावा लागतो आणि फोडला की गळती लागते.

जुनं रेलिंग तपासायचं असेल तर अंग झोकून पाहू नका. आतल्या बाजूला खाली बसा, हात वर करून ढकला. डुललं तर दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला कोणी जायचं नाही.

जिना आणि तारा

बाहेरून जाणारा उघडा जिना गच्चीइतकाच धोक्याचा. संहितेनुसार घराच्या जिन्याची पायरी 19 सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचापेक्षा उंच नसावी आणि पाय ठेवायची जागा निदान 25 सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच असावी. जिन्याला हाताला धरायला कठडा हवाच. डोक्यावर पाटी घेऊन उतरताना आपल्याला पायरी दिसत नाही, तेव्हा हातच आपले डोळे होतात. लेकरं लहान असतील तर जिन्याच्या तोंडाशी कडी असलेलं छोटं फाटक लावा.

विजेच्या तारा घरापासून आडव्या अंतरात निदान 1.2 मीटर, म्हणजे चार फूट दूर असाव्यात, असा नियम आहे. 11 हजार व्होल्टच्या वर याहून जास्त अंतर लागतं. तार जवळ असेल तर लोखंडी रेलिंग बसवायच्या आधी वीज कंपनीकडं लेखी अर्ज करा. लांब पाइप वर चढवताना तारेला लागणं, हा सगळ्यात मोठा धोका. रेलिंगला वायर गुंडाळू नका. कपडे वाळवायचा तार विजेच्या खांबाला बांधू नका.

नियम कोण पाहतं?

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसार गावात बांधकामाला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. पण इमारत संहिता आपोआप कायदा होत नाही, स्थानिक नियमांत घेतली तरच ती बंधनकारक होते. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर सुटतात, त्यात कठडा हा वेगळा टप्पा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या 1 लाख 20 हजारांत घर उभं करतानाच बाईची दमछाक होते. म्हणून टेप घेऊन गच्चीवर कोणी येईल याची वाट पाहू नका. टेप आपणच घ्यायचा.

आणि इथं गट कामाला येतो. घरासाठी अंतर्गत कर्ज मागणाऱ्या ताईला आपण विचारतो, सिमेंट किती, सळई किती, मजुरी किती. त्याच वेळी विचारायचं, "कठड्याचे किती धरले?" अंदाजात ती ओळ नसेल तर कर्ज नाकारायचं नाही, ती ओळ लिहून घ्यायची. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. लेकरू गच्चीवरून पडू नये हेही आरोग्यच आहे.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं करायचं

1. गच्ची, बाल्कनी आणि जिन्याचा कठडा टेपनं मोजा. सव्वातीन फुटांपेक्षा कमी असेल तर वहीत लिहा.
2. चार इंचाचा डबा गजांमधून जातो का ते पाहा. जात असेल तर मध्ये एकेक गज वाढवून घ्या.
3. सुट्या विटा, दगड, कुंड्या कडेवरून आजच खाली उतरवा.
4. कठडा नसेल तर तो होईपर्यंत वाळवण आणि अंथरूण कडेपासून निदान पाच फूट आत. लेकरू एकटं वर जाणार नाही, जिन्याला कडी.
5. चार-पाच घरांचं रेलिंगचं काम एकत्र करून वेल्डरकडं भाव करा. एकेकटीपेक्षा पाच जणींना दर कमी लागतो.

मोजमापं बैठकीला घेऊन या. माझे दोन फूट सात इंच मी लिहून ठेवलेत. वरून पाइपाची एक ओळ वाढवायचं वेल्डरला सांगितलंय, ते काम झालं की पुन्हा टेप लावून आकडा बैठकीत सांगेन.