जेवणाला गाणं हवं, पण किती?



गेल्या वर्षी सासूबाईंना 75 वर्षं पूर्ण झाली म्हणून आम्ही घरचे सगळे एका हॉटेलात जेवायला गेलो. त्यांना जुनी गाणी फार आवडतात, म्हणून मुद्दाम गाण्यांचा कार्यक्रम असलेलं हॉटेल निवडलं होतं. मंद दिवे, सुरेल गळा, जेवणही छान. सासूबाई सारखं हसून मान डोलवत होत्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "अगं, आज सगळे एवढे कशाला हसत होते?" दोन तासांत आमचं एक वाक्यही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मला घरी पिठलं-भात बरा."

ते मला फार लागलं. म्हणून आज आपण हेच समजून घेऊ या, की हॉटेलातल्या गाण्याचा आणि आवाजाचा आपल्या जेवणावर काय परिणाम होतो.

आपण नुसत्या जिभेनं जेवत नाही. पापड मोडल्याचा आवाज आला नाही, तर आपण तो सादळला असंच म्हणतो ना? ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्याबरोबर हेच तपासलं. लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनवर मोठा करून ऐकवला. वेफर्स तेच, पण ते जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. 2004 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आवाजाचा गोंगाट झाला की उलटंही घडतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की विमानात असतो तसा 85 डेसिबलच्या आसपासचा गोंगाट कानावर पडत असेल तर गोड चव फिकी लागते. मिक्सरशेजारी उभं राहिल्यावर जवळपास तेवढाच आवाज आपल्या कानावर पडतो. तेव्हा मोठ्या आवाजात बासुंदी कमी गोड वाटली, तर दोष आचाऱ्याचाच असेल असं नाही.

गाण्याच्या लयीचाही परिणाम होतो. रोनाल्ड मिलिमन यांनी एका अमेरिकन रेस्टॉरंटमध्ये काही दिवस संथ आणि काही दिवस जलद संगीत लावून पाहिलं. जलद संगीत असताना गिऱ्हाईक सरासरी 45 मिनिटांत उठलं, संथ संगीताला 56 मिनिटं बसलं. जेवणाचं बिल जवळपास सारखंच राहिलं, पण संथ संगीताच्या दिवशी पेयांवरचा खर्च वाढला. 1986 मध्ये हे छापून आलं. म्हणजे गाणं कुठलं लावायचं, यात मालकाचा हिशेबही असू शकतो.

मग सासूबाईंना ऐकू का आलं नाही? वय झालं की आधी बारीक, टिपेचे आवाज ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, थ ही अक्षरं त्यातच येतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. त्यात हॉटेलात सगळीकडे फरश्या, काच आणि ग्रॅनाइट. अशा टणक पृष्ठभागावर आवाज आपटून परत येतो. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एका टेबलानं चढवला की दुसरं टेबल चढवतं, मग गायकाचा माइक वाढतो. असं ते चढतच जातं.

खरं तर जेवताना गाणं आपल्याला नवं नाही. लग्नात विहिणीची पंगत बसली की बायका 'विहीण' म्हणायच्या. गाणारी समोर असायची, पानावर बसलेलीला ओळखून गायची. 1950-60 च्या दशकांत मुंबईत चर्चगेटच्या रेस्टॉरंटांमध्ये गोव्याचे वादक जॅझ वाजवत, तेही समोरची माणसं पाहूनच. प्रत्यक्ष गाण्याची खरी गंमत हीच आहे. गाणाऱ्याला आपण दिसतो. टेबलावर गप्पा रंगल्या की तो आवाज उतरवू शकतो, लहान मूल झोपलं तर संथ गाणं घेऊ शकतो. स्पीकरला यातलं काही दिसत नाही.

म्हणून बाहेर जेवायला जाताना दोन-तीन गोष्टी करा. आधी फोन करून गाणी किती वाजता सुरू होतात ते विचारा. स्पीकरपासून लांबचं टेबल मागा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा आणि आपल्या तोंडावर उजेड असू द्या, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. आवाज कमी करायला सांगायला लाजू नका. पैसे आपण देतो, आणि सांगितल्याशिवाय त्यांना कळणार तरी कसं?

बचत गटाची खानावळ चालवणाऱ्या मैत्रिणींनी खिडक्यांना जाड पडदे लावावेत. एक मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान स्पीकर हळू आवाजात लावावेत. टेबलाच्या दोन बाजूंना दोघींनी बसून साध्या आवाजात बोलून पाहावं. पुढे वाकावं लागलं तर आवाज जास्त आहे असं समजा. दोन-तीन गाण्यांनंतर थोडी विश्रांती ठेवा. गाणाऱ्याचं मानधन आणि जेवण आधीच ठरवा. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री 10 ला बंद, हा नियम आहेच.

या वर्षी सासूबाईंना घेऊन आम्ही संध्याकाळी सातलाच गेलो. गाणी आठला सुरू होणार होती. तो तासभर त्याच बोलत होत्या. माहेरची विहीर, शाळेतल्या बाई, सगळं निघालं. गाणी सुरू झाल्यावर त्यांनी एक फर्माईशही केली, आणि ते गाणं संपेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो.

तुमच्या घरी कुणी "तुम्ही या जाऊन" म्हणत असेल, तर एकदा त्यांना कारण विचारा.