लाल डोळा आणि नेमकी नोंद

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा रुग्णसंख्येच्या जिल्हावार यादीत बुलढाणा सर्वांत वर होता. जालना जिल्ह्याच्या शिवेजवळचं धाड हे गाव याच जिल्ह्यातलं. अशी साथ मोजणं त्यातल्या त्यात सोपं. तक्रार एक, मोसम एक, रुग्ण रांगेनं येणारे. अवघड असतो तो दुसरा लाल डोळा. तो एकेकटा येतो. सोयाबीनच्या मळणीत भुसकट उडतं, पऱ्हाटी उपटताना धसकट लागतं, दुसऱ्या दिवशी डोळा उघडवत नाही. तोही ‘डोळे आले’ या रकान्यात गेला, तर नुकसान रुग्णाचं होतंच, आकडेवारीचंही होतं.

डोळे येतात तेव्हा पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण सुजतं. दुसऱ्या प्रकारात दाह असतो तो बुबुळापुढच्या काचेसारख्या पटलाचा, म्हणजे पारपटलाचा. हे पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्यातून आरपार दिसतं. चेतातंतू मात्र दाट असतात, म्हणून बारीकसं खरचटणंही असह्य खुपतं. वरचा थर सोलला गेला की जिवाणूंना किंवा बुरशीला वाट मिळते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी माती आणि पिकाच्या काडीकचऱ्यातच राहतात. त्यातून व्रण होतो आणि व्रण भरला तरी पांढरा डाग राहू शकतो. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

या साऱ्या प्रकारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, म्हणजे आयसीडीत, वेगवेगळे संकेतांक आहेत. जाक बर्तियों यांनी १८९३मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीपासून हे वर्गीकरण सुरू झालं. १९४८च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात आजारही आले. दहाव्या आवृत्तीत पारपटलाच्या दाहाचा गट एच१६. त्यातला एच१६.० म्हणजे व्रण, एच१६.९ म्हणजे प्रकार न सांगितलेला दाह. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूनं दाह झाला, तर कारणासाठी बी००.५ आणि डोळ्यातल्या परिणामासाठी एच१९.१, असे दोन संकेतांक जोडीनं लागतात. साथीतल्या अ‍ॅडिनोव्हायरसचा त्रास पारपटलापर्यंत पोचला तर बी३०.०. साध्या, कारण न कळलेल्या डोळे येण्याला एच१०.९.

संकेतांक लावणाऱ्यानं रोग ओळखायचा नसतो. डॉक्टरांनी केसपेपरवर जे लिहिलं, तेवढ्यावरच त्याला चालावं लागतं. ‘पारपटलाचा दाह’ एवढंच असेल तर एच१६.९ याच्या पलीकडे त्याला जाता येत नाही. ‘उजव्या डोळ्यात बुरशीजन्य व्रण’ असं असेल, तर अमेरिकी आवृत्तीत थेट एच१६.०६१ मिळतो, डावा असेल तर एच१६.०६२. संघटनेच्या मूळ दहाव्या आवृत्तीत डावं-उजवं नाहीच. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ते जोडता येतं: संसर्गजन्य दाहाच्या ९ए७१ला उजव्यासाठी एक्सके९के, डाव्यासाठी एक्सके८जी.

नेमकं लिहायचं तर आधी नेमकं पाहावं लागतं. डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पखाली डोळ्यात फ्लुरोसिन या रंगाचा थेंब टाकून निळा प्रकाश सोडला की सोललेली जागा हिरवी चमकते. तिची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहायची आणि एका वर्तुळात चित्र काढायचं. त्या चित्राची रंगांची रीतही ठरलेली आहे: डागाला काळा, सुजेला निळा, रक्तवाहिन्यांना लाल, पेशींच्या दाटीला आणि पुवाला पिवळा, फ्लुरोसिन धरणाऱ्या जागेला हिरवा. आठवड्यानं दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं, तरी व्रण आटला की पसरला हे त्यांना चित्रावरून कळतं. व्रणाची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे धागे दिसू शकतात. इथं निदानाची किंमत मोठी असते. बुरशीला नटामायसिन हे औषध लागतं, तिथं स्टेरॉइडचे थेंब पडले तर आग विझवण्याऐवजी भडकते.

पहिल्या दिवशी एच१६.९ लिहिणं प्रामाणिकच. पण तपासणीचा निकाल आल्यावरही तोच कायम राहिला, तर तो निष्काळजीपणा.

सर्वांत जास्त गळते ती घडलेल्या गोष्टीची नोंद. आयसीडीत काटे, कुसळं, धारदार पानं लागण्यासाठी डब्ल्यू६० हा संकेतांक आहे आणि शेतात घडलं असेल तर पुढं .७ लागतो. डब्ल्यू६०.७ एवढं कुणी लिहिलं, की डोळ्यासोबत शेत आणि हंगामही कागदावर येतात. ते लिहिलं नाही, तर वर्षभरानं उरतो फक्त पांढरा डाग, त्याचा गट एच१७, आणि कारण मातीत. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीखालच्या लोकांतल्या अंधत्वाचं पहिलं कारण पारपटलाची अपारदर्शकता ठरलं, ३७.५ टक्के. त्यातले किती डाग मळणीचे, किती उशिरा मिळालेल्या उपचाराचे, हे डागाकडे पाहून सांगता येत नाही.

जुन्या नोंदींमधून काय निघू शकतं, हे मदुराईनं दाखवलं. तिथल्या जिल्ह्यात १९९३ साली लाखामागे ११३ जणांना पारपटलाचा व्रण झाल्याचा अंदाज निघाला. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका परगण्याच्या तुलनेत हे प्रमाण दहापट होतं. हा आकडा निघाला तो डॉक्टरांकडच्या नोंदींतून. बुलढाण्यासाठी असा आकडा हवा असेल, तर सुरुवात बाह्यरुग्ण विभागातल्या रजिस्टरपासून करावी लागेल. साधनं आवाक्यात आहेत. आरोग्य नोंदींच्या प्रमाणीकरणाचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे आणि स्नोमेड सीटी ही वैद्यकीय शब्दावली भारतात विनामूल्य वापरता येते. मात्र मूळ वाक्यच अपुरं असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर त्यात डावा डोळा भरू शकत नाही.

ते वाक्य पुरं करण्यात रुग्णाचाही वाटा आहे. कोणता डोळा, काय गेलं, कधी गेलं, आधी कुठले थेंब टाकले, या चार गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. दुकानातून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. खुपणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी डोळा दाखवावा. धाडहून बुलढाण्याला किंवा संभाजीनगरला पाठवलं, तर पहिला केसपेपर बरोबर न्यावा.