हॉर्डर्न, सर मायकेल

हॉर्डर्न, सर मायकेल : (३ ऑक्टोबर १९११ – २ मे १९९५). विख्यात ब्रिटिश चरित्र अभिनेता. रंगभूमी, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या चारही माध्यमांत त्याने सुमारे सहा दशके काम केले. जन्म इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्यातील बर्कमस्टेड या गावी. त्याचे वडील ब्रिटिश अमदानीतील रॉयल इंडियन मरीन या नौदलात अधिकारी होते. त्याचे शिक्षण ब्रायटन कॉलेज या शाळेत झाले. नाट्यशिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेत तो गेला नाही. शालेय साहित्य पुरविणाऱ्या संस्थेत नोकरी करीत असता हौशी नाट्यप्रयोगांतून त्याला अभिनयाची गोडी लागली. १९३७ मध्ये लंडन येथे ऑथेल्लोमधील लोडोव्हिको या दुय्यम भूमिकेने त्याने व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. त्यानंतर ब्रिस्टल येथील नाट्यमंडळीत त्याने उमेदवारी केली. वरचेवर नवे नाटक बसविण्याच्या तेथील प्रथेमुळे निरनिराळ्या वयांच्या व स्वभावांच्या भूमिकांचा त्याला सराव झाला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवरही त्याने सेवा केली. १९४३ मध्ये अभिनेत्री ईव्ह मॉर्टिमर हिच्याशी त्याचा विवाह झाला.

युद्धोत्तर काळात शेक्सपिअरच्या नाटकांतून त्याचे नाव पुढे आले. १९५२ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे जेक्विस व कॅलिबन, तर १९५३-५४ च्या हंगामात लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ या नाट्यगृहात पोलोनियस व माल्व्होलिओ या भूमिका त्याने केल्या. त्याच्या अंगी नायकाला साजेसे रूप नव्हते. लांबट, सुरकुतलेला चेहरा, किंचित बावरलेली नजर आणि खर्जातील, पण क्षणात कातर होऊ शकणारा आवाज ही त्याची सामग्री होती. गोंधळलेले, स्वतःशीच पुटपुटणारे, विद्वान परंतु व्यवहारात हतबल असे वृद्ध गृहस्थ रंगविण्यात त्याचा हातखंडा होता. अशा पात्रांची त्याने कधी टवाळी केली नाही. त्यांच्या हास्यास्पदतेतच त्यांची व्यथा असते, हे त्याने प्रेक्षकांस जाणवून दिले.

या गुणांचा पहिला पूर्ण आविष्कार जॉन मॉर्टिमरच्या द डॉक ब्रीफ (१९५७) या नभोनाट्यात झाला. आयुष्यभर खटल्याची वाट पाहणारा मॉर्गनहॉल हा अपयशी बॅरिस्टर आणि पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला फाउल हा त्याचा अशील, अशी दोनच पात्रे त्यात आहेत. कोठडीत बसून दोघे येऊ घातलेल्या खटल्याची तालीम करतात. आळीपाळीने न्यायाधीश व साक्षीदार होतात. प्रत्यक्ष न्यायालयात मात्र मॉर्गनहॉलच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि वकिलाच्या या नाकर्तेपणामुळेच अशिलाची सुटका होते. न्यायालय प्रत्यक्षात नसून केवळ दोघांच्या बोलण्यातून उभे राहते, त्यामुळे हे कथानक नभोवाणीस विशेष अनुकूल ठरले. पात्रांप्रमाणेच श्रोत्यासही ते मनःचक्षूंपुढे उभे करावे लागते. हॉर्डर्नचा मॉर्गनहॉल आणि डेव्हिड कॉसॉफचा फाउल यांनी हे नाटक गाजविले. त्यास त्याच वर्षी ‘इटालिया पारितोषिक’ लाभले. पुढे दूरचित्रवाणीवरही या दोघांनी त्याच भूमिका केल्या आणि १९५८ मध्ये रंगभूमीवरही हॉर्डर्नने मॉर्गनहॉलची भूमिका केली.

दूरचित्रवाणीवरील त्याची अविस्मरणीय कामगिरी म्हणजे जोनाथन मिलरने एम्. आर्. जेम्सच्या भयकथेवरून बीबीसीसाठी दिग्दर्शित केलेला व्हिसल अँड आय विल कम टू यू (१९६८) हा कृष्णधवल चित्रपट. समुद्रकाठी सुटीवर आलेल्या एका प्राध्यापकाला जुन्या दफनभूमीत एक शिट्टी सापडते. ती वाजविल्यानंतर त्याच्या बुद्धिवादाचा आधार हळूहळू ढासळतो. या भूमिकेत सुसंबद्ध संवाद थोडे आहेत. पुटपुटणे, हुंकार, स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसणे आणि अखेरीस केवळ विव्हळणे यांतून हॉर्डर्नने एका मनाची पडझड दाखविली. कॅमेरा जवळ असल्याने रंगभूमीवर वाया गेल्या असत्या अशा बारीकसारीक लकबी येथे अर्थपूर्ण ठरल्या.

मिलरच्याच दिग्दर्शनाखाली त्याने १९६९ मध्ये नॉटिंगॅम येथे किंग लिअरची भूमिका केली. १९७५ व १९८२ मध्ये ती बीबीसी दूरचित्रवाणीवरही सादर झाली. लिअर हा भव्य शोकनायक न राहता हट्टी, चिडखोर व प्रसंगी हास्यास्पद म्हातारा झाला. विदूषकही त्याच्याच वयाचा दाखविण्यात आला. फ्रँक मिडलमासने ती भूमिका केली. त्यामुळे वादळातील प्रसंगाला दोन निराधार वृद्धांच्या सोबतीचे करुण रूप आले. बीबीसीच्या शेक्सपिअर नाट्यमालेतील द टेम्पेस्टमध्ये (१९८०) तो प्रॉस्परो होता. टॉम स्टॉपर्डच्या जंपर्स (१९७२) या नाटकातील नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाची भूमिका हे त्याचे रंगभूमीवरील मोठे यश होय.

सत्तरीच्या दशकापासून त्याचा आवाज ब्रिटनच्या घराघरांत परिचित झाला. पी. जी. वुडहाउसच्या कथांवरील नभोनाट्यमालेत (१९७३–८१) त्याने जीव्ह्‌ज या चतुर सेवकाची भूमिका केली; रिचर्ड ब्रायर्स हा त्यात बर्टी वूस्टर होता. पॅडिंग्टन या अस्वलाच्या बालमालिकेत निवेदकाचा व सर्व पात्रांचा आवाज त्याचाच होता. १९८१ मध्ये बीबीसीने टोल्कीनच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्जचे २६ भागांचे नभोनाट्य प्रसारित केले. त्यात गँडाल्फ या वृद्ध मांत्रिकाचा अधिकार व वात्सल्य त्याने निव्वळ स्वरांच्या चढउतारांतून व्यक्त केले.

चित्रपटांतील त्याच्या भूमिका बहुधा छोट्या होत्या. स्क्रूजमधील (१९५१) मार्लीचे भूत, क्लीओपात्रामधील (१९६३) सिसेरो या त्यांपैकी काही. बॅरी लिंडनचे (१९७५) निवेदन त्याने केले. रिचर्ड ॲटनबरोच्या गांधी (१९८२) या चित्रपटात तो सर जॉर्ज हॉज या भूमिकेत दिसतो. पॅरडाइस पोस्टपोन्ड (१९८६) व मिडलमार्च (१९९४) या उत्तरकालीन दूरचित्रवाणी मालिकांतही त्याच्या भूमिका आहेत. १९७२ मध्ये त्यास ‘सी.बी.ई.’ व १९८३ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. अ वर्ल्ड एल्सव्हेअर हे त्याचे आत्मचरित्र १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

चरित्र अभिनेत्याचे यश नायकाप्रमाणे एका ठराविक प्रतिमेवर अवलंबून नसते. थोड्या अवकाशात संपूर्ण माणूस उभा करणे हे त्याचे काम असते. नभोवाणीने हॉर्डर्नचा आवाज एकाकी ऐकविला, तर दूरचित्रवाणीने त्याचा चेहरा जवळून दाखविला. दोन्ही माध्यमांनी त्याची दुय्यम वाटणारी गुणवत्ता केंद्रस्थानी आणली. ऑक्सफर्ड येथे त्याचे निधन झाले.